सोळा ते अठरा: हिंसक गुन्हा करणाऱ्या मुलाचे न्यायव्यवस्थेने काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी एका कैद्याला तत्काळ सोडण्याचा आदेश दिला. १९९४ मध्ये पुण्यात झालेल्या सात जणांच्या हत्येत तो दोषी ठरला होता, त्याला फाशीची शिक्षा झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयानेही एकदा कायम केली होती, आणि सुटकेचा आदेश निघाला तेव्हा त्याची तुरुंगातली २८ वर्षे उलटून गेली होती. शाळेच्या नोंदींची रीतसर चौकशी झाल्यावर असे निष्पन्न झाले की हत्या झाल्या त्या दिवशी त्याचे वय साधारण साडेबारा वर्षे होते. त्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवता आले असते. ही हकीकत वाचताना एकीकडे सात जीव डोळ्यांसमोर येतात आणि दुसरीकडे फाशीच्या कोठडीत लहानाचा मोठा झालेला एक मुलगा येतो. बालगुन्हेगारीवर लिहिताना यातले एक चित्र झाकून दुसऱ्यावर बोलणे सोपे असते. म्हणूनच या विषयावरची बहुतेक चर्चा एकांगी होते.

मुळात मुलांसाठी वेगळा कायदा का, हे आधी पाहू. फौजदारी कायद्यात केवळ कृती पुरेशी नसते, कृतीमागचे मन दोषी असावे लागते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे पाहण्याची अट घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही कलम २० आणि २१ मध्ये हीच व्यवस्था ठेवली आहे. म्हणजे बारा वर्षांवरचा मुलगा आपल्या कायद्याने गुन्ह्याला जबाबदार असतो. अठराव्या वर्षापर्यंत त्याला जी सवलत मिळते ती जबाबदारीतून नसते. त्याची चौकशी कुठे व्हावी, त्याला कुठे ठेवावे आणि किती काळ ठेवावे, एवढ्यापुरती ती असते. या दोन वेगळ्या रेषा आहेत आणि वर्तमानपत्री वादात त्यांची कायम गल्लत होते. गंमत अशी की पहिली रेषा जगात बऱ्याच ठिकाणी आपल्यापेक्षा वर आहे. इंग्लंडमध्ये ती दहा वर्षांवर, जर्मनीत चौदा वर्षांवर, तर नॉर्वेत पंधरा वर्षांवर आहे. स्कॉटलंडने २०१९ च्या कायद्याने ती आठवरून बारावर नेली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने त्याच वर्षी ती किमान चौदा असावी, अशी शिफारस केली. आपली सातची रेषा फार खालची आहे, पण त्याबद्दल आपल्याकडे कोणी आवाज चढवत नाही.

दुसरी रेषा मात्र सतत हलत आली आहे. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी अठराव्या वर्षापर्यंत बालक समजली जाई. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठीही अठरा हे वय ठरवले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कार व हत्येतला एक आरोपी अठरा पूर्ण होण्यास काही महिने कमी असलेला निघाला. त्याला ऑगस्ट २०१३ मध्ये तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवण्यात आले आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला. दरम्यान या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वयाची अट खाली आणू नये, असे स्पष्ट म्हटले होते. तरीही त्याच्या सुटकेनंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबर २०१५ रोजी, राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. लोकसभेत तो मे महिन्यातच संमत झाला होता, परंतु राज्यसभेतला मुहूर्त पाहिला की लोकभावनेचा रेटा किती होता हे कळते. १५ जानेवारी २०१६ पासून हा कायदा लागू आहे.

या कायद्याची रचना समजून घेतली तर बातम्यांतले अर्धे गोंधळ मिटतात. अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप झाला की कायद्याच्या भाषेत तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि चौकशी चालू असताना ठेवायची वेळ आली तर निरीक्षणगृहात ठेवतात, ज्याला बोलीभाषेत अजूनही रिमांड होमच म्हणतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती काढून अहवाल देतो. कागदावर तरी हा अहवाल सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे.

गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तोच निर्घृण ठरतो. यातला ‘किमान’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. खुनाला किमान जन्मठेप आहे, म्हणून खून निर्घृण वर्गात येतो. खुनाच्या प्रयत्नाला मोठी शिक्षा होऊ शकते, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही, म्हणून तो ‘गंभीर’ वर्गातच राहतो. मुलाने केलेला वार एक इंच इकडे बसला की तिकडे, यावर त्याचा वर्ग बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हा अर्थ लावला आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो कायद्यात घातला. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. तो संताप समजण्यासारखा होता. मात्र जुन्या दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षाच नव्हती, म्हणून तो निर्घृण वर्गात बसत नव्हता, ही कायद्याची गाठ त्या गदारोळात फारशी कोणी सोडवून सांगितली नाही. जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ म्हणून वागवण्याची मागणी मंडळाने फेटाळली.

गुन्हा निर्घृण असेल आणि मुलगा सोळा ते अठरा या वयातला असेल तरच ‘प्रौढ म्हणून खटला’ हा प्रश्न उद्भवतो. सोळाला एक दिवस जरी कमी असला तरी तो उद्भवत नाही. अशा मुलाचे मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचे असते आणि ते तीन महिन्यांत संपवायचे असते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे त्यात पाहायचे. मूल्यांकनाअंती मंडळाला वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी सत्र न्यायालयाकडे, जाते. या वाटेने दोषी ठरलेल्यालाही फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही, पण तीन वर्षांची मर्यादा त्याला उरत नाही.

माझ्या मते या कायद्याचा सगळ्यात कच्चा दुवा इथेच आहे. ते मूल्यांकन प्रत्यक्षात कसे होते ते पाहा. घटनेला काही आठवडे किंवा महिने झालेले असतात. मुलगा निरीक्षणगृहात असतो, घाबरलेला असतो, वकिलाने आणि घरच्यांनी त्याला काय बोलायचे आणि काय नाही हे सांगितलेले असते. समोर बसलेल्या तज्ज्ञाने तासा-दोन तासांच्या भेटीत बुद्ध्यांक मोजायचा, प्रश्न विचारायचे आणि त्यावरून त्या एका रात्री, त्या एका क्षणी या मुलाच्या मनात काय होते याचा अंदाज द्यायचा. मानसशास्त्राकडे आजची अवस्था तपासण्याची साधने आहेत, उलटून गेलेल्या क्षणाची नाहीत. त्याहून अवघड गोष्ट अशी की तोवर गुन्हा सिद्धच झालेला नसतो. ‘गुन्हा करताना तुला परिणाम कळत होते का’ या प्रश्नातच त्याने गुन्हा केला हे गृहीत धरलेले असते.

गुरुग्रामच्या एका शाळेत सप्टेंबर २०१७ मध्ये सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा गळा चिरून खून झाला. पोलिसांनी आधी शाळेच्या बसच्या वाहकाला पकडले आणि त्याने कबुली दिल्याचेही सांगितले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलाला ताब्यात घेतले. आरोपीच असा बदललेल्या या प्रकरणात मंडळाने डिसेंबर २०१७ मध्येच मुलाला प्रौढ म्हणून वागवण्याचा निर्णय देऊन टाकला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द करून मूल्यांकन नव्याने करायला सांगितले आणि १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. या निकालात न्यायालयाने एक मोलाचा फरक करून दाखवला आहे. सुरी चालवली की माणूस मरतो हे कळणे म्हणजे परिणाम कळणे एवढेच नाही. मेलेल्याच्या घरच्यांचे काय होईल, आपल्या घरच्यांचे काय होईल, आपले पुढचे आयुष्य कसे बदलेल, हेही परिणामांतच मोडते, आणि बुद्ध्यांक चांगला आहे एवढ्यावरून ही समज होती असे म्हणता येत नाही. मंडळात बालमानसशास्त्राचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे ऐच्छिक न राहता बंधनकारक आहे, असेही न्यायालयाने ठरवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने मूल्यांकन पुन्हा केले आणि निष्कर्ष पुन्हा तोच काढला. घटनेच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर एकवीस वर्षांचा झाला होता.

न्यायालयाने केलेला हा फरक मेंदूविज्ञानाशी बराच जुळतो. सोळा वर्षांचा मुलगा थंड डोक्याने विचार करायला बसला तर मोठ्या माणसाइतकाच बरा विचार करू शकतो. वर्गात कोडे सोडवणे असो वा औषधाच्या फायद्या-तोट्यांचा विचार असो, तिथे तो कमी पडत नाही. फरक पडतो तो रक्त तापलेले असताना आणि चार मित्र बघत असताना. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. संगणकावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागल्यावरही गाडी पुढे रेटली तर जास्त गुण मिळायचे, पण धडक बसली तर मिळवलेले जायचे. किशोरवयीन मुले, कॉलेजच्या वयाचे तरुण आणि चोविशीपुढची माणसे अशा तीन गटांना हा खेळ दिला. एकटे खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. शेजारी दोन मित्र उभे राहिले की किशोरवयीनांनी घेतलेला धोका एकदम वाढला, मोठ्यांचा जेमतेम तेवढाच राहिला. आवेग आवरणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, तर उत्तेजनेला आणि बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जागा होतो. मुलांचे हिंसक गुन्हे पुष्कळदा टोळक्यात घडतात, त्यामागे हेही कारण आहे.

इथे एक सावधगिरी हवी. मेंदूची ही माहिती सरासरीची आहे, समोरच्या एका मुलाबद्दल ती काही सिद्ध करत नाही. कट रचून, हत्यार मिळवून, पुरावे नष्ट करून केलेल्या खुनाला आवेगाचे कारण पुरे पडत नाही, आणि अशी प्रकरणे थोडी असली तरी असतात. ‘मुले आहेत, चुकतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे टाळून चालणार नाही. मात्र प्रमाणही विसरू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ५८ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, तर अल्पवयीन आरोपींविरुद्धची प्रकरणे सुमारे साडेतीस हजार होती, आणि त्यांतही हिंसक गुन्हे हा एक भागच.

कठोर शिक्षेने ही मुले सुधारतात का, याचे उत्तर अमेरिकेने स्वतःच्या खर्चाने मिळवून ठेवले आहे. मुलांसाठी वेगळे न्यायालय जगात रुजवले ते अमेरिकेनेच, १८९९ मध्ये शिकागोत. १९९० च्या दशकात तिथेच काही अभ्यासकांनी निर्दयी बालगुन्हेगारांची लाट येणार असे भाकीत केले, आणि एकामागून एक राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवण्याचे दरवाजे उघडले. लाट आली नाही, उलट किशोरांचे हिंसक गुन्हे कमी होत गेले, आणि भाकीत करणाऱ्यांपैकी प्रमुखाने पुढे चूक मान्य केली. दरवाजे मात्र उघडेच राहिले. प्रौढांच्या व्यवस्थेत पाठवलेल्या मुलांची तुलना बाल न्याय व्यवस्थेत राहिलेल्या तशाच मुलांशी करणाऱ्या अभ्यासांचा आढावा अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तिकडे पाठवल्याने पुढची हिंसा कमी होत नाही, साधारणतः वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. तुरुंगात मुलाला जे गुरू भेटतात ते पाहता यात नवल नाही. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांतल्या गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षे माग काढणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की त्यांच्यातल्या बहुतेकांची गुन्हेगारी वयाबरोबर ओसरत गेली, सातत्याने गुन्हे करत राहणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले, आणि संस्थेत जास्त काळ डांबून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण काही घटले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अल्पवयीनांची फाशी रद्द केली आणि २०१२ मध्ये त्यांना सक्तीने द्यायची, सुटकेविना असलेली जन्मठेपही घटनाबाह्य ठरवली.

प्रौढांच्या न्यायालयात मूल नेमके कसे दिसते, याचे एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बाळाचा खून केला. प्रेस्टनच्या न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा ती अकरा वर्षांची झाली होती. आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावरून त्यांना पुढचे काही दिसेना, म्हणून आतली जमीन उंच करून घेतली गेली. त्यांना न्यायालय दिसावे हा हेतू होता, झाले असे की भरलेल्या न्यायालयाला आणि वार्ताहरांना ती दोघे अधिक स्पष्ट दिसू लागली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये या उंच केलेल्या पिंजऱ्याचा उल्लेख करत म्हटले की अशा वातावरणात मुलांना स्वतःच्या खटल्यात सहभागीच होता आले नाही, म्हणून तो खटला न्याय्य नव्हता. खुनानंतर आठ वर्षांनी दोघेही नव्या ओळखीने बाहेर आले. त्यांतला एक पुढे वेगळ्या गुन्ह्यांसाठी पुन्हा तुरुंगात गेला. सुधारणेची हमी कोणालाच देता येत नाही, हेही या प्रकरणाने दाखवले.

आणि ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय? बाल न्यायाच्या समर्थकांचे हे दुखरे अंग आहे. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे, मंडळाचे कामकाज बंद दाराआड चालते, बहुतेक प्रकरणांत नोंदी पुढे नष्ट होतात, आणि हे सारे मुलाच्या दृष्टीने योग्य असले तरी मृताच्या आईवडिलांना आपल्याला दारातच उभे केले आहे असे वाटते. त्यांना सूडच हवा असतो, असे समजणे चूक आहे. नेमके काय घडले, कोणी केले, त्याला त्याचे काही वाटते का, आणि तो आणखी कुणाच्या दारात हे नेणार नाही याची काय व्यवस्था केली आहे, एवढे त्यांना हवे असते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलाचे कुटुंब, पीडित आणि पोलीस यांना एकत्र बसवण्याची पद्धत आणली, त्यात पीडिताला आपले म्हणणे थेट मुलापुढे मांडता येते. खुनासारख्या प्रकरणात अशी बैठक निकालाची जागा घेऊ शकत नाही, पण आपल्याकडे पीडिताला मंडळाच्या कामकाजाची नियमित माहिती देण्याची साधी रीतसुद्धा रुजलेली नाही.

मला जर्मनीची रचना अधिक शहाणपणाची वाटते. तिथे चौदा ते सतरा वयाच्या मुलाला प्रौढांच्या कायद्याखाली नेण्याचा दरवाजाच नाही. खुनासारख्या गुन्ह्यालाही बालकायद्यातच दहा वर्षांपर्यंत कोठडी देता येते, आणि अठरा ते वीस वयाच्या तरुणालासुद्धा त्याची वाढ पाहून बालकायदा लावता येतो. आपल्याकडे एका बाजूला तीन वर्षांची ताठर मर्यादा आणि दुसऱ्या बाजूला सत्र न्यायालय, अशी दरी ठेवली आहे. साहजिकच ज्याला तीन वर्षे अपुरी वाटतात तो मुलाला दरीपलीकडे ढकलायला बघतो, आणि त्यासाठी त्या अशक्यप्राय मूल्यांकनाचा आधार घेतला जातो. अगदी मोजक्या गुन्ह्यांसाठी बालव्यवस्थेतलीच मुदत वाढवली, तिला दरवर्षी आढाव्याची अट घातली, तर ते मूल्यांकन काढून टाकता येईल. याला विरोध करणारे म्हणतात की मुदत वाढवली की न्यायाधीश ती सर्रास वापरतील. ही भीती निराधार नाही, म्हणून गुन्ह्यांची यादी आखूडच हवी.

खरे तर आजच्या कायद्यातही एक चांगली तरतूद आहे. बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुरुंगाऐवजी ‘सुरक्षित स्थान’ म्हटलेल्या वेगळ्या जागी ठेवायचे असते, तिथे शिक्षण, समुपदेशन, कामाचे प्रशिक्षण द्यायचे असते आणि त्याच्या प्रगतीचे अहवाल न्यायालयाकडे जायचे असतात. एकवीस पूर्ण झाल्यावर शिक्षा उरलेली असेल तर न्यायालयाने त्याला पुन्हा समोर बोलवायचे, तो बदलला आहे का आणि समाजात राहू शकेल का हे पाहायचे, आणि मग त्याला देखरेखीखाली सोडायचे की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचे ते ठरवायचे. सोळाव्या वर्षीच्या एका रात्रीचा अंदाज बांधण्यापेक्षा पाच वर्षांच्या वागणुकीवरून दिलेला हा निर्णय कितीतरी भक्कम पायावर उभा राहू शकतो. अट एवढीच आहे की त्या दिवशी न्यायाधीशांसमोर ठेवलेल्या धारिकेत खरोखर काही असले पाहिजे: कोणत्या समुपदेशकाने कितीदा भेट घेतली, मुलगा काय शिकला, कधी भांडला, कधी आवरला, मारल्या गेलेल्या माणसाबद्दल पहिल्या वर्षी काय बोलत होता आणि चौथ्या वर्षी काय बोलतो. त्या जागी ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढा एका ओळीचा शेरा असेल, तर न्यायाधीशांनाही पुन्हा अंदाजच बांधावा लागेल.